तिकडे सेफ आहे का हो?

– एक एगैलाकर, कुवेत

आपल्यात कुणाची बदली ह्यूस्टनला झाली की पेढे वाटले जातात. दुबईला झाली की "चंगळ आहे बुवा तुमची!" असं म्हणतात. आणि लागोसला किंवा आक्र्याला झाली, की घरात कुणी आजारी असावं तसा आवाज खाली आणून विचारतात, "तिकडे सेफ आहे का हो?" हळदीकुंकवाला विचारतात, गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाचा द्रोण हातात धरून विचारतात, मॉलमध्ये ट्रॉली आडवी लावून विचारतात. गंमत म्हणजे विचारणाऱ्याला उत्तर नकोच असतं, ते त्याच्याजवळ तयार असतं. त्याच्या मावसभावाच्या ऑफिसातल्या एकाला कुणीतरी तिकडे लुटलेलं असतं!

मंडळी, या प्रश्नावर माझा राग आहे आणि तो आज स्मरणिकेच्या पानावर काढायचा असं ठरवूनच बसले आहे. एगैलात बिऱ्हाड थाटण्यापूर्वी आम्ही २०११ ते २०१५ अशी चार वर्षं लागोसला होतो. ह्यांची नोकरी तिथे होती, मुलगी पहिली-दुसरी तिथेच शिकली. तेव्हा थोडंफार बोलायचा अधिकार मला आहे असं मी धरून चालते. पश्चिम आफ्रिका अगदी सुरक्षित आहे, खुशाल जा, असं मी मुळीच सांगणार नाही. तिथे माणसं जिवानिशी जातात, आपलीही गेली आहेत. माझी तक्रार वेगळी आहे. आपण ज्या गोष्टीला घाबरतो तिच्यामुळे सहसा कुणी मरत नाही, आणि ज्या गोष्टींमुळे मरतात त्यांची चौकशी करण्याची आपल्याला गरजच वाटत नाही.

मुळात 'तिकडे' म्हणजे कुठे? आफ्रिका म्हणजे नकाशावरचं एखादं गाव असल्यासारखं आपण बोलतो. सेनेगलपासून नायजेरियापर्यंत पश्चिम आफ्रिकेत पंधरा-सोळा देश आहेत. एकट्या नायजेरियात २० कोटींहून जास्त माणसं राहतात. नायजर आणि नायजेरिया हे दोन वेगवेगळे देश आहेत, हेसुद्धा आपल्या कित्येक सल्लागारांना ठाऊक नसतं. एप्रिल २०१४ मध्ये बोको हरामवाल्यांनी चिबोकच्या शाळेतून २७६ मुली पळवल्या, तेव्हा आम्हाला पुण्याहून, नाशिकहून रडवेले फोन आले. बातमी भयंकरच होती, त्या मुलींच्या आयांचा विचार मनात आला की आजही पोटात तुटतं. पण चिबोक देशाच्या ईशान्य कोपऱ्यात आणि लागोस नैऋत्येला समुद्रकाठी. मध्ये हजार किलोमीटरहून जास्त अंतर!

हे पटत नसेल तर आपल्या घरचं उदाहरण देते. अमेरिकेचं सरकार आपल्या नागरिकांसाठी परदेशप्रवासाच्या सूचना काढतं. भारतासाठीच्या सूचनेत नक्षलवाद्यांमुळे जपून राहण्याचा जो भाग सांगितलेला असे, त्याची सुरुवात 'पूर्व महाराष्ट्र' या शब्दांनी होत असे, आणि हे एक-दोन नव्हे, अनेक वर्षं. आता समजा, न्यू जर्सीच्या एखाद्या सूनबाईच्या अमेरिकन मैत्रिणीने ती सूचना वाचून "महाराष्ट्र डेंजरस आहे" म्हणत कोथरूडच्या लग्नाला यायचं रद्द केलं, तर आपण काय म्हणू? हसू. म्हणू, अगं बाई, गडचिरोली कुठे आणि कोथरूड कुठे! मग लागोसकरांनी आपल्याला हसू नये काय?

आणि आपण तर कुवेतचे. २ ऑगस्ट १९९० नंतर याच देशातून पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय बाहेर पडले. बसने, ट्रकने, वाळवंटातून, अम्मानपर्यंत. तिथून एअर इंडियाने ४००हून अधिक फेऱ्या करून त्यांना घरी नेलं. त्या लोकांपैकी काहीजण युद्ध संपल्यावर परत आले, तेव्हा गावाकडच्यांनी त्यांनाही हेच विचारलं, "परत त्या आगीत जाता? सेफ आहे का तिकडे?" जुन्या सभासदांना हे आठवत असेल. ते काय करत, तर प्रश्नाचे तुकडे करत. मोडलेला कारखाना कधी सुरू होतो, पगार कुठल्या बँकेत येणार, पाणी कुठून येतं, वाळवंटात कुठे जायचं नाही. आजही पावसानंतर वाळू सरकली की १९९१ चे भूसुरुंग वर येऊ शकतात, म्हणून तंबू ठोकायला जाताना आपण मुलांना बजावतो की जमिनीवरची कुठलीही धातूची वस्तू उचलायची नाही. यात 'कुवेत चांगलं की वाईट' हा प्रश्नच येत नाही. काय उचलायचं नाही एवढं आपल्याला माहीत असतं. नायजेरिया किंवा घाना म्हटलं की मात्र हेच शहाणपण कुठे जातं कोण जाणे.

आता खऱ्या धोक्यांकडे येते. सगळ्यात मोठा धोका बंदूक घेऊन येत नाही, कानाशी गुणगुणत येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२३ साली जगात मलेरियाने सुमारे ५ लाख ९७ हजार माणसं गेली, त्यांतली ९५ टक्के आफ्रिकेत, आणि सर्वांत मोठा वाटा एकट्या नायजेरियाचा. आपल्या लोकांची यावर ठरलेली प्रतिक्रिया, "मलेरिया ना? तो काय आपल्याला नवा आहे? लहानपणी ठाण्याला असताना दोनदा झाला होता." अहो, ठाण्याला झाला तो बहुधा व्हायव्हॅक्स जातीचा. थंडी वाजून ताप यायचा, कडू गोळ्या, आठवडाभर मऊ भात. तिकडचा असतो फॅल्सिपॅरम. तो मेंदूवर, मूत्रपिंडावर जातो आणि २४ तासांत औषध सुरू झालं नाही तर गोष्ट हाताबाहेर जाऊ शकते. भारतात जन्मलो म्हणून आपल्याला त्याच्याविरुद्ध कसलंही कवच मिळालेलं नाही. तिथल्या माणसांना वारंवार संसर्ग होऊन थोडीबहुत प्रतिकारशक्ती येते, आणि तिच्यासाठी त्यांची किती लहान मुलं दगावतात ते विचारू नका.

(ज्या रोनाल्ड रॉसने १८९७ मध्ये सिकंदराबादला डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू पाहिला, तो दोनच वर्षांनी डास शोधायला सिएरा लिओनमध्ये फ्रीटाऊनला गेला होता. म्हणजे आपला आणि त्यांचा शत्रू एकच आहे हे सव्वाशे वर्षांपूर्वी कळलेलं होतं. आपल्याला अजून कळायचं आहे. असो.)

लागोसला जुने भारतीय भेटतात, दहा-वीस वर्षं राहिलेले. ते नव्या माणसाला पहिल्याच पार्टीत सांगतात, "गोळ्याबिळ्या काही घेऊ नका, लिव्हर जातं. आम्ही कुठे घेतो?" हे उंटावरचे शहाणे फार घातक! मलेरिया टाळण्याच्या गोळ्या दोन-तीन प्रकारच्या असतात, कुठली कोणाला चालते, किती दिवस आधी सुरू करायची आणि परतल्यावर किती दिवस घ्यायची, हे वय, वजन, गरोदरपण आणि बाकीची औषधं पाहून डॉक्टरच ठरवतो. कायमचं राहायला जाणाऱ्याचा हिशोब वेगळा, दोन आठवड्यांच्या टूरवर जाणाऱ्याचा वेगळा. पण तो हिशोब डॉक्टरसमोर बसून करायचा, बिअरच्या ग्लाससमोर नाही. औषध लावलेली मच्छरदाणी, संध्याकाळी पूर्ण बाह्यांचे कपडे, अंगाला लावायचं मलम, या गोष्टी आपल्याला बावळटपणाच्या वाटतात. मलेरियाचा डास संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो, म्हणजे नेमका आपण गच्चीवर पार्टी करत असतो तेव्हा.

आणि एक गोष्ट तर कुणी म्हणजे कुणीच सांगत नाही, तेव्हा हा परिच्छेद कापून फ्रिजवर चिकटवा. ताप तिथे असतानाच येतो असं नाही. डास चावल्यावर साधारण दहा-पंधरा दिवसांनी येतो, कधी त्याहून उशिरा. म्हणजे माणूस आठवडाभराची टूर करून एगैलाला परत येतो, शुक्रवारी मुलांना गेट मॉलला नेतो आणि रविवारी ऑफिसात कणकणतो. कुवेतमध्ये मलेरिया नाही, त्यामुळे इथला डॉक्टर आधी फ्लूच समजणार, त्यात त्याचा दोष नाही. त्याला पहिल्या वाक्यात सांगायचं, "मी पश्चिम आफ्रिकेतून आलोय, मलेरियाची रक्ततपासणी आजच करा." एवढ्या एका वाक्याने माणूस वाचू शकतो. ते वाक्य त्याच्या बायकोलाही पाठ हवं, कारण १०४ ताप असलेला माणूस वाक्यं बोलत नसतो.

पिवळ्या तापाच्या लशीचं तेच. लस टोचल्यापासून दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं आणि २०१६ पासून ते जन्मभर चालतं. ते पिवळं कार्ड नसेल तर पश्चिम आफ्रिकेतून मुंबईला उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. यावर आपली माणसं विमानतळावर हुज्जत घालतात. यात छळ कसला? पिवळा ताप पसरवणारा एडिस डास आपल्याकडे घरोघरी आहे, तोच डेंग्यूवाला. फक्त विषाणू अजून आलेला नाही. तो आणण्याचा मान आपल्याच घराण्याला मिळावा अशी कुणाची इच्छा असेल तर गोष्ट वेगळी. लस ठरावीक केंद्रांवरच मिळते. नऊ महिन्यांखालील बाळ, गरोदर बाई, साठीपुढची माणसं यांच्या बाबतीत डॉक्टरचा सल्ला आधी घ्यावा लागतो. म्हणजे सासूबाईंना नातवंडं बघायला लागोसला न्यायचं असेल तर तिकिटाच्या आधी डॉक्टर.

या दोन गोष्टींबद्दल मला कुणीही विचारत नाही. सगळे इबोलाबद्दल विचारतात! २०१४ ते २०१६ या काळात गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओन या तीन देशांत ११ हजारांहून अधिक माणसं इबोलाने गेली हे खरंच. पण आम्ही ज्या शहरात होतो तिथे काय झालं ते ऐका. २० जुलै २०१४ ला लायबेरियाहून आलेला एक प्रवासी लागोसच्या विमानतळावर कोसळला. सरकारी डॉक्टरांचा तेव्हा संप चालू होता, म्हणून त्याला एका खासगी रुग्णालयात नेलं. त्याला सोडा, त्याला महत्त्वाच्या बैठकीला जायचं आहे, असा वरून दबाव येत होता. डॉ. अमेयो अदादेवोह या बाईंनी त्याला सोडायला साफ नकार दिला. कोट्यवधींच्या त्या शहरात तो माणूस मोकळा फिरला असता तर काय झालं असतं, कल्पना करा. १९ ऑगस्टला त्या स्वतः इबोलाने गेल्या. सुमारे ९०० जणांचा माग काढून, रोज दारात जाऊन त्यांचा ताप मोजला गेला. सगळे मिळून २० रुग्ण, ८ मृत्यू, आणि २० ऑक्टोबरला जागतिक आरोग्य संघटनेने नायजेरिया इबोलामुक्त झाल्याचं जाहीर केलं. 'त्या लोकांना काही जमत नाही' म्हणणाऱ्यांनी २०२० आणि २०२१ मधले आपले स्वतःचे दिवस आठवावेत आणि मग बोलावं.

दुसरा खरा धोका रस्त्याचा. लुटारूंचा नव्हे, रस्त्याचाच. खड्डे, दिवे नसलेले ट्रक, झोपाळलेले चालक, गावात शिरणारा महामार्ग आणि जवळपास कुठेही न मिळणारी रुग्णवाहिका. दोन शहरांमधला प्रवास अंधार पडायच्या आत संपवायचा, हा तिथल्या प्रत्येक शहाण्या कंपनीचा नियम असतो, आणि तो मोडायला सांगणारे साहेब बहुतेक वेळा आपलेच असतात. "साइटवर उद्या सकाळी आठला पोहोचायचं आहे, रात्रीच निघा." मोटारसायकलची टॅक्सी, जिला तिथे ओकाडा म्हणतात, तिच्यावर हेल्मेटशिवाय बसून फोटो पाठवणारेही आपलेच. हे शिकलेले इंजिनियर! पण मी तरी कुणाला बोलू? इथे फहाहीलच्या तीस नंबरच्या रस्त्यावर एका हातात फोन आणि मांडीवर पोर घेऊन गाडी हाकणारे मी रोज पाहते. कुवेत सरकारला २२ एप्रिल २०२५ पासून गाडी चालवताना फोन वापरण्याचा दंड ५ दिनारांवरून ७५ दिनार करावा लागला, तेव्हा कुठे फोन खिशात गेले. मृत्यूची नसलेली भीती दिनारांची मात्र असते.

तिसरा धोका कुणाच्या डोक्यातच येत नाही. लागोसला वीज जाते, दिवसातून कितीदा ते मोजणं आम्ही दुसऱ्या आठवड्यात सोडून दिलं. घरोघरी जनरेटर. तो खिडकीजवळ, बंद गॅलरीत किंवा पोर्चमध्ये ठेवून रात्रभर चालवला की त्याचा विषारी वायू झोपेतच माणूस नेतो. वास नाही, धूर नाही. आपल्याकडे हिवाळ्यात बंद खोलीत किंवा तंबूत कोळशाची शेगडी पेटवून झोपलेल्यांच्या बातम्या येतात ना, तोच हा वायू. भाड्याचं घर बघायला गेलात तर स्विमिंग पूल नंतर बघा, आधी जनरेटर कुठे आहे ते बघा.

घर म्हटलं की मला मंगाफ आठवतं. एगैलाहून गाडीने किती लांब? दहा मिनिटं. १२ जून २०२४ ला पहाटे तिथल्या कामगारांच्या इमारतीला आग लागली आणि चाळीसहून अधिक भारतीय गेले, बहुतेक धुराने गुदमरून. एक आपल्या महाराष्ट्राचाही होता. त्यांच्यापैकी कुणाच्या घरी, मुलगा निघताना, "कुवेत सेफ आहे का?" असं विचारलं असेल तर उत्तर "हो, अगदी" असंच मिळालं असणार. जिना किती रुंद आहे, खाली काय ठेवलं आहे, छताचा दरवाजा उघडतो का, हे विचारायचं कुणाला सुचणार? मी हाच मुद्दा पुन्हा पुन्हा उगाळते आहे असं वाटेल, पण उगाळल्याशिवाय सहाण काही देत नाही.

आता जरा बोचरं बोलते. 'सेफ आहे का' या प्रश्नाच्या पोटात पुष्कळदा दुसराच प्रश्न असतो: "ते काळे लोक कसे असतात हो?" हा प्रश्न उघडपणे विचारणारे निदान प्रामाणिक तरी. ऑक्टोबर २०१३ च्या अखेरीस गोव्यात पर्रा गावी एका नायजेरियन माणसाचा खून झाला, त्याच्या देशबांधवांनी पर्वरीला महामार्ग अडवला, आणि गोव्याच्या तेव्हाच्या एका मंत्र्याने नायजेरियनांना चक्क 'कॅन्सर' म्हटलं. मार्च २०१७ मध्ये ग्रेटर नोएडाच्या मॉलमध्ये नायजेरियन विद्यार्थ्यांना जमावाने खुर्च्यांनी मारलं, ते सगळ्या जगाने पाहिलं. लागोसच्या आयांनी आपल्या मुलांना पुण्याला शिकायला पाठवताना "तिकडे सेफ आहे का?" असं विचारलं असेल, तर तो प्रश्न आपल्यापेक्षा जास्त रास्त होता.

ही भीती नुसती वाईट दिसते म्हणून मी बोलत नाही, ती धोक्याची आहे. जानेवारी २०१२ मध्ये नायजेरियन सरकारने पेट्रोलवरचं अनुदान एका रात्रीत काढलं, ६५ नायराचं पेट्रोल १४०च्या पुढे गेलं आणि देशभर संप पेटला. रस्त्यात टायर जळत होते. आमच्या कंपाउंडमधली काही कुटुंबं अशी होती की त्यांनी वर्षानुवर्षं ड्रायव्हरशी, पहारेकऱ्याशी 'ये-जा-थांब' याखेरीज चौथा शब्द बोललेला नव्हता. त्या आठवड्यात त्यांना कुणी काही सांगितलं नाही. आमचा ड्रायव्हर रोज सकाळी पायी यायचा, चांगला तासभर चालत. कुठल्या चौकात जमाव आहे, कुठली गल्ली मोकळी आहे, दूध कुठे मिळेल, आज गाडी काढायचीच नाही, हे सगळं तो सांगायचा. मुलीला तापासाठी औषध हवं होतं, ते त्याने स्वतःच्या वस्तीतून आणून दिलं. कंपनीच्या सुरक्षा विभागाचा इमेल तिसऱ्या दिवशी आला. त्यात घराबाहेर पडू नका असं लिहिलं होतं.

लोकांवर आंधळा विश्वास टाका असा याचा अर्थ कुणी काढू नये. लागोसला ठकही आहेत, नाणावलेले आहेत. नायजेरियाच्या फौजदारी कायद्यातलं फसवणुकीचं ४१९ हे कलम तर आपल्या इमेलच्या कृपेने जगप्रसिद्ध झालं. कुण्या राजपुत्राच्या कोट्यवधी डॉलरना हातभार लावायला निघालेले आपल्यातही होते, नावं घेत नाही! विमानतळावर तुमच्या नावाची पाटी धरून उभा असलेला माणूस तुमच्या कंपनीचाच असेल असं नाही, कारण नाव पाटीवरून कुणालाही उतरवून घेता येतं. म्हणून निघण्यापूर्वी कंपनीकडून ड्रायव्हरचं नाव, गाडीचा नंबर आणि दोघांनाच ठाऊक असलेला एक शब्द मागून घ्यायचा. आमच्यासाठी तो शब्द 'थालीपीठ' होता. तो कुठल्याच ठकाला सुचला नसता.

भित्र्यांचं बोलले, आता दुसरी जात. "काही होत नाही हो, वरचा बसलाय!" हे पुरुषांमध्ये जास्त. कंपनीने पगार दुप्पट दिला की यांच्या तोंडून प्रश्नच फुटत नाही, न जाणो ऑफर परत घेतील. बायकोला सांगतात, "सगळं कंपनी बघते." काय बघते? मी ह्यांच्या सहीआधी विचारलेले प्रश्न असे होते: आजारी पडलं तर कुठल्या हॉस्पिटलात, आणि तिथून हलवायची वेळ आली तर विमानाचे पैसे कोण देणार? ते कागदावर आहे का? दंगल झाली तर कुटुंबालाही बाहेर काढणार की फक्त कर्मचाऱ्याला? साइट कुठल्या राज्यात, कुठल्या जिल्ह्यात? तिथे जायला रस्ता कुठून? आपला दूतावास किती लांब? एचआरचा माणूस वैतागला होता. वैतागू दे.

दूतावासाचं मी उगाच म्हणत नाही. २०१३ मध्ये मुंबईच्या एका जहाजाच्या कप्तानाला टोगोमध्ये अटक झाली. त्याच्याच जहाजावर चाचे चढले होते आणि तोच त्यांना सामील असल्याचा संशय घेऊन त्याला लोमेच्या तुरुंगात टाकलं. टोगोत तेव्हा भारताचा दूतावास नव्हता, काम शेजारच्या घानातून चाले. तो आत असतानाच इकडे मुंबईत त्याचं तान्हं मूल गेलं. डिसेंबरात तो सुटून आला आणि मग अंत्यसंस्कार झाले. चाच्यांचं म्हणाल तर डिसेंबर २०१९ मध्ये गिनीच्या आखातात बारा दिवसांच्या अंतराने दोन जहाजांवरून १८ आणि २० असे आपले ३८ खलाशी पळवले गेले, त्यांतला एक कैदेतच वारला. २०२० मध्ये साऱ्या जगात जे १३५ खलाशी पळवले गेले त्यांतले १३० याच आखातात. पुढे हे प्रमाण पुष्कळ उतरलं, पण ज्यांचा भाचा-पुतण्या मर्चंट नेव्हीत आहे त्यांनी जहाज कुठल्या बंदराला जाणार एवढं तरी विचारत जावं.

आणि काही ठिकाणी उत्तर स्पष्ट 'जाऊ नको' असंच आहे. ते दबक्या आवाजात नको, ठणकावून द्या. मालीचा आणि बुर्किना फासोचा बराचसा भाग, नायजरचा पश्चिमेकडचा पट्टा, नायजेरियाचा ईशान्य कोपरा. एप्रिल २०२५ मध्ये नायजरमध्ये झारखंडचे पाच कामगार पळवले गेले. १ जुलैला मालीत कायेसच्या सिमेंट कारखान्यातून तीन भारतीय पळवले. १५ जुलैला नायजरमध्ये दोस्सो भागात दोन भारतीय मारले गेले आणि तिसऱ्याला उचलून नेलं. मंडळाच्या कार्यक्रमात यातल्या एकाचाही विषय निघाल्याचं मला आठवत नाही, कारण ते आपल्यासारखे व्हिला-कंपाउंडवाले नव्हते. विजेच्या तारा ओढायला, यंत्रं चालवायला गेलेले होते.

इथे एक गोष्ट आपण कुवेतकरांनी नीट समजून घ्यायला हवी. दहावी न झालेला कामगार कुवेतला यायचा तर त्याच्या पासपोर्टवरच्या शेऱ्यामुळे त्याला भारत सरकारच्या प्रवासी-संरक्षक कार्यालयाची मंजुरी लागते. करार तपासला जातो, विमा लागतो. ही व्यवस्था सच्छिद्र आहे, हे आपण जाणतो, पण काहीतरी आहे. ज्या १८ देशांसाठी ही मंजुरी लागू केली गेली त्या यादीत कुवेत आहे, ओमान आहे, मलेशियाही आहे. माली नाही, नायजर नाही, पश्चिम आफ्रिकेतला एकही देश नाही. म्हणजे तोच वेल्डर मंगाफला यायला निघाला तर सरकार त्याला थांबवून कागद बघतं, आणि दोस्सोला निघाला तर एजंट सांगेल ते खरं.

आपल्या मंडळात वकील आहेत, मोठ्या कंपन्यांचे मॅनेजर आहेत, दूतावासात उठबस असलेले आहेत. गणपतीच्या देखाव्यावर आपण जेवढ्या बैठका घेतो त्यातली एक कमी करून, ती यादी वाढवावी असं एक निवेदन परराष्ट्र मंत्रालयाला पाठवायला काय हरकत आहे? मसुदा मी लिहून देते. आणि तोवर, जळगावहून किंवा बीडहून एखाद्या भाच्याचा फोन आला, "मामा, आफ्रिकेत सुपरवायझरची नोकरी आहे, दीड हजार डॉलर, जाऊ का?" तर त्याला देशाचं नाव विचारून थांबू नका. साइटच्या गावाचं नाव विचारा, आणि ते एजंटला लिहून द्यायला सांगा.